रात्री काहीतरी चावतंय आणि ते डास नाहीत, मदत करा!

अर्धीझोप | ३ मार्च, सकाळी ८:१२

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा प्लीज. तीन आठवडे झाले, रोज सकाळी उठलं की दंडावर, मानेवर, कधी पाठीवर लाल गांधी, कधी दोन कधी चार, कधी तर पट्टीने आखल्यासारख्या ओळीत, आणि खाज अशी की ऑफिसात मीटिंग चालू असताना टेबलाखाली हात घालून खाजवत बसते. आधी वाटलं डास. लिक्विड बदललं, मग कॉइल, मग मच्छरदाणी लावली, गादीखाली नीट खोचली, तरी सकाळी नवीन गांधी हजर. चादरी धुतल्या, उशा उन्हात टाकल्या. स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले कीटकदंश, मलम दिलं, कुठला कीटक विचारलं तर म्हणाले ते तुम्ही घरी शोधा. आणि वैताग म्हणजे नवरा त्याच गादीवर झोपतो, त्याला एक पुळी नाही! त्याचं म्हणणं तुला टेन्शनमुळे होतंय. झोपेचं पार खोबरं झालंय, कोणी सांगेल का हे काय आहे?

सटरफटर | ३ मार्च, सकाळी ८:४०

डासच आहेत ताई. मच्छरदाणीला कुठेतरी भोक असणार. पंखा फुल करा, जोराच्या वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही. आणि तुमचं रक्त गोड असणार :)

शंकेखोर | ३ मार्च, सकाळी ९:०५

रक्त गोड-कडू असं काही नसतं हो. डासाची मादी (चावते ती मादीच, नर बिचारा फुलांचा रस पितो) आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मागावर येते, मग अंगाची ऊब आणि घामाचा वास. पंख्याचं मात्र खरं आहे.

ताई, कुठलंही औषध मारायच्या आधी चोर कोण ते ठरवा, नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. सांगा बरं, चावे झोपेतच दिसतात की दिवसा बसल्या जागीही? पायाच्या घोट्याभोवती आहेत की कमरेच्या वर? घरात कुत्रा-मांजर आहे का? खिडकीबाहेर किंवा माळ्यावर पक्ष्यांचं घरटं? गेल्या दोन-तीन महिन्यांत प्रवास, किंवा घरात कुठलं जुनं फर्निचर?

अर्धीझोप | ३ मार्च, सकाळी ९:३०

फक्त रात्री. घोट्याला नाही, जो भाग पांघरुणाबाहेर असतो तिथेच. प्राणी नाही, घरटं नाही. प्रवास, हो, जानेवारीत चार दिवस बाहेर होतो. जुनं फर्निचर म्हणजे... एक वाचायची खुर्ची घेतलीय वापरलेली, गादीवाली, बेडरूममध्येच आहे. पण खूप छान स्थितीत आहे हो, अगदी नवी वाटते.

आजोबा_ऑनलाइन | ३ मार्च, सकाळी १०:१५

ढेकूण.

अर्धीझोप | ३ मार्च, सकाळी १०:१७

काका असं नका ना म्हणू. आमचं घर खूप स्वच्छ असतं. ढेकूण आता कुठे असतात, ते आजीच्या वेळेला असायचे.

आजोबा_ऑनलाइन | ३ मार्च, सकाळी १०:५२

बाळ, ढेकणाला तुझ्या घरातली धूळ खायची नसते, तुझं रक्त प्यायचं असतं, त्यामुळे फरशी आरशासारखी असली तरी त्याला काय त्याचं. पसारा असला की लपायला जागा वाढतात एवढंच. संस्कृतात एक जुनं सुभाषित आहे, लक्ष्मी कमळावर झोपते, शंकर हिमालयावर, विष्णू क्षीरसागरात, का, तर म्हणे ढेकणांची धास्ती! देवांनी पलंग सोडले तिथे तू कशाला लाजतेस.

माऊची_आई | ३ मार्च, सकाळी ११:२०

मी मध्येच घुसते कारण आमच्याकडे डिट्टो असंच वाटलं होतं आणि निघाल्या पिसवा. पण आमचे चावे सगळे घोट्यापासून गुडघ्यापर्यंत होते, पिसू जमिनीवरून उडी मारते ना, तिला पंख नसतात पण उडी फूटभर सहज. किस्सा असा की आम्ही माऊला घेऊन पाच आठवडे बाहेरगावी राहिलो, घर पूर्ण बंद, परत येऊन दार उघडलं आणि दहा मिनिटांत पाय लाल! मला कळेचना, घरात कोणी नसताना या जगल्या कशा. मग कळलं की पिसवेची अंडी जनावराच्या अंगावरून खाली पडतात, अळ्या सतरंजीत नाहीतर फटीत राहतात आणि मोठ्या पिसवांची विष्ठा म्हणजे वाळलेलं रक्त खाऊन वाढतात, मग कोष करतात, आणि कोषाच्या आत तयार पिसू महिनोन्‌महिने दबा धरून बसू शकते. पावलांचा हादरा, ऊब, श्वास यातलं काही जाणवलं की बाहेर. म्हणजे आम्ही दार उघडून त्यांना जेवायला उठवलंच म्हणायचं.

ओळखायचं असेल तर पांढरे मोजे घालून खोलीभर फिरा, काळे कण उड्या मारताना दिसतील. आणि माऊच्या अंगातून बारीक कंगव्याने काढलेला काळा भुगा ओल्या टिश्यूवर ठेवा, भोवती तांबूस रिंगण पसरलं तर ती पिसवांची घाण, नाहीतर साधी माती. आम्ही व्हेटकडून मांजराचं औषध आणलं आणि रोज व्हॅक्यूम केला, दोन्ही एकदम केलं तेव्हाच सुटलो. कुत्र्याचं औषध मांजराला चुकूनही लावू नका, त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, मांजराचा जीव जातो त्याने.

शंकेखोर | ३ मार्च, दुपारी १२:०५

हे घोट्याचं महत्त्वाचं. पण नुसत्या चाव्यावरून कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, डॉक्टरही नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचं काही चुकलं नाही. ओळीतले चावे ढेकणाचे असतात असं सगळे म्हणतात, पण ढेकूण एकेक सुटाही चावतो आणि पिसूही ओळीत चावते. पुरावा अंगावर नाही, पलंगात शोधायचा.

टॉर्च घ्या आणि जुनं एटीएम कार्ड घ्या. गादीच्या कडेची शिवण, कोपरे, गादीवरचं लेबल उचलून खाली, पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं, हेडबोर्ड भिंतीपासून ओढून मागची बाजू. कार्ड फटीतून फिरवा. शोधायचं काय, तर शाईच्या पेनाने टिंब केल्यासारखे काळे ठिपके (ही त्यांची विष्ठा, ओल्या कापसाने पुसली की तपकिरी-लालसर फराटा उठतो), फिकट पिवळसर पोकळ कात, आणि मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी चिकटवलेली. मोठा ढेकूण ४-५ मिलिमीटर, चपटा, रक्त प्यायला की लांबट आणि फुगीर. पिल्लं जवळजवळ पारदर्शक असतात, पोटात रक्त असलं तरच दिसतात. आणि ती खुर्ची. खुर्ची उलटी करून खालचं कापड बघा.

सटरफटर | ३ मार्च, दुपारी १२:३०

पण मग नवऱ्याला का चावत नाही?? ढेकूण असते तर दोघांना चावले असते. लॉजिक!

शंकेखोर | ३ मार्च, दुपारी १२:४४

चावत असणार. गांध ही चाव्याची नसते, ढेकणाच्या लाळेवर आपल्या अंगाने दिलेली प्रतिक्रिया असते. कित्येकांना काहीच उठत नाही, काहींना दहा-बारा दिवसांनी उठतं. चावताना कळतही नाही कारण लाळेत बधिर करणारी आणि रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात. पाच-दहा मिनिटं निवांत पिऊन तो परत फटीत जातो. अंगावर राहत नाही, उवेसारखा.

चिंगीचा_बाबा | ३ मार्च, दुपारी १:१०

उवेवरून आठवलं, अवांतर आहे पण विचारतो, लेकीच्या डोक्यात उवा झाल्यात, आता काय गादी-सोफा सगळं धुवायचं का? घरात एक जण तर म्हणतोय टक्कल करा.

माऊची_आई | ३ मार्च, दुपारी १:२५

अजिबात टक्कल नको, पोरगी आयुष्यभर विसरणार नाही! डोक्यातली ऊ डोक्याबाहेर एक-दोन दिवसांत मरते, तिला उडी मारता येत नाही, डोक्याला डोकं लागूनच जाते मुख्यतः. उशीचा अभ्रा, टोपी, कंगवे गरम पाण्यात, बास. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून लिखांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरायचं, दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे तरी. लिखेतून पिल्लू बाहेर यायला सात ते दहा दिवस लागतात म्हणून एकदा करून थांबलं की परत पहिले पाढे पंचावन्न. रॉकेल लावू नका कोणी सांगितलं तरी.

टाचण | ३ मार्च, दुपारी २:००

जरा इतिहास. डोक्यातल्या उवा रोग पसरवत नाहीत, पण कपड्यांत राहणारी अंगावरची ऊ वेगळी, ती टायफस नावाचा जीवघेणा ताप पसरवते, हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये दाखवलं, १९२८ मध्ये त्यांना नोबेल. प्लेगमध्ये पिसवेचा हात आहे हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवलं. आणि डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी रोनाल्ड रॉसना सापडला तो २० ऑगस्ट १८९७ ला. म्हणजे साधारण बारा वर्षांत तिघंही रंगेहाथ पकडले गेले. ढेकूण मात्र आजवर निर्दोष सुटलाय, तो माणसांत रोग पसरवतो असं सिद्ध झालेलं नाही.

आजोबा_ऑनलाइन | ३ मार्च, दुपारी २:२०

निर्दोष म्हणे. रात्रभर झोपू देत नाही तो निर्दोष!

अर्धीझोप | ४ मार्च, रात्री २:४७

सापडला.

हात थरथरतायत म्हणून चुका होतील. काल संध्याकाळी गादी बघितली, माझ्या बाजूला काही नाही, मी खुश, नवऱ्याला म्हटलं बघ काही नाहीये. आता झोपेत मानेवर काहीतरी वाटलं म्हणून पटकन टॉर्च लावला तर उशीच्या कडेवरून एक लालसर चपटं काहीतरी तुरुतुरु पळतंय, मला वाटलं होतं ढेकूण हळू असतो, अजिबात नाही, मुंगीच्या वेगाने पळत होता. टिश्यूने दाबला तर रक्त आलं. माझंच रक्त! आणि एक घाण गोडसर वास, वाटून वाळलेल्या कोथिंबिरीसारखा. मी आता हॉलमध्ये सोफ्यावर आलेय. उद्या ही गादी फेकणार, पलंग फेकणार, सगळं फेकणार.

टाचण | ४ मार्च, सकाळी ६:३०

वास बरोबर ओळखलात. कोथिंबिरीचं जे युरोपियन नाव आहे (कोरिअँडर) ते ग्रीकमधल्या ढेकणाच्या शब्दावरून आलं असं पुष्कळ जण मानतात.

माऊची_आई | ४ मार्च, सकाळी ७:०२

टाचण दादा, तिची काय अवस्था आणि तुम्ही व्युत्पत्ती सांगताय :D

काडेपेटी | ४ मार्च, सकाळी ७:१५

ताई ताबडतोब सोफ्यावरून पलंगावर परत जा!!! मी हीच चूक केली होती. ढेकूण सापडल्यावर दुसऱ्या खोलीत झोपायला गेलो, आठवड्याभरात ते पण आले मागोमाग. म्हणजे अंगावर बसून नव्हे, पण उशी-पांघरूण मी घेऊन गेलो त्यातून काही, आणि बाकीचे उपाशी राहिल्यावर शोधत शोधत. आधी एक खोली होती, मग तीन झाल्या. एका खोलीत ठेवून मारणं परवडलं. आणि गादी पण फेकू नका लगेच, मी फेकली, ओढत नेताना पॅसेजभर पिल्लं सांडली आणि नवीन गादीत पंधरा दिवसांत परत, कारण निम्मे तर पलंगाच्या लाकडात होते. पैसे गेले, ढेकूण राहिले.

रामबाण_उपाय | ४ मार्च, सकाळी ७:४०

(हा प्रतिसाद काढून टाकला आहे)

धागारक्षक | ४ मार्च, सकाळी ७:५५

वरचा प्रतिसाद उडवला आहे, कारण धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या पलंगाखाली ठेवा असा सल्ला होता. त्या गोळ्यांतून फॉस्फीन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं मरतात, अशा घटना घडल्या आहेत. रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट गादीवर ओतायचे सल्लेही उडवले जातील, त्याने ढेकणाआधी घर पेटेल. बाकी चालू द्या.

अर्धीझोप | ४ मार्च, सकाळी ८:३०

परत पलंगावर जाऊ म्हणजे मी स्वतः आमिष म्हणून झोपू?? बरं ऐका, नवऱ्याला टिश्यू दाखवला. तो म्हणाला हा रक्त प्यायलेला डास आहे. मी म्हटलं पंख दाखव. तर म्हणे चुरगळले असतील.

शंकेखोर | ४ मार्च, सकाळी १०:१०

आमिष म्हणूनच झोपा, पण पलंग आधी बेटासारखा करून. मी गेल्या वर्षी यातून पूर्ण गेलोय, जे केलं ते सगळं लिहितो, लांब आहे.

सगळ्यात आधी डोक्यात एक गोष्ट पक्की करा, ढेकणाचा खरा शत्रू फवारा नाही, उष्णता आहे. पन्नास अंशाच्या वर ढेकूण, पिल्लू, अंडी कोणीच टिकत नाही, फक्त ती उष्णता आतपर्यंत पोचली पाहिजे. कपडे, चादरी, पडदे पिशवीत भरून तोंड बांधून थेट मशिनकडे न्यायचे (घरभर फरफटत नाही), साठ अंशावर धुवायचे किंवा ड्रायर असेल तर कोरडेच अर्धा तास पूर्ण गरम फिरवायचे. धुतलेलं नव्या पिशवीत. उन्हात उशी टाकली की वरचं कापड तापतं, आतला कापूस नाही, ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो, त्यामुळे तुमच्या उन्हाचा उपयोग झाला नाही. जे धुता येत नाही, पुस्तकं वगैरे, ते उणे अठरा अंशाच्या फ्रीझरमध्ये निदान चार दिवस.

गादी आणि पलंग, व्हॅक्यूमची चपटी नळी सगळ्या शिवणींतून, मग लगेच पिशवी सील करून बाहेर. अंडी चिकटवलेली असतात, नुसत्या ओढीने निघत नाहीत, आधी कार्डाने खरवडा. मग स्टीमर. स्टीमर अगदी हळू, मुंगीच्या चालीने, भरभर फिरवला की ते फक्त उडून दुसरीकडे पडतात. पलंगाचे नटबोल्ट खोलून सुटा करा, आळस करू नका, आमच्याकडे सगळ्यात मोठं घबाड हेडबोर्डच्या स्क्रूमागे होतं, तीस-चाळीस एका ठिकाणी, आजही आठवलं की अंगावर काटा येतो. मग गादीला पूर्ण चेनवाली बंद खोळ घाला आणि ती वर्षभर काढायची नाही, आत राहिलेले उपाशी मरू देत. ते महिनोन्‌महिने उपाशी जगतात, थंड जागेत आणखी जास्त, म्हणून खोली बंद करून आठ दिवस बाहेरगावी जायचं डोक्यातून काढा.

पलंग भिंतीपासून वीतभर लांब, चादरीचं टोक जमिनीला टेकायला नको, आणि प्रत्येक पायाखाली गुळगुळीत कडेची वाटी. ढेकणाला गुळगुळीत उभ्या भिंतीवर चढता येत नाही आणि उडी तर नाहीच. रोज सकाळी वाटीत किती अडकले ते वहीत लिहा, हाच तुमचा थर्मामीटर.

आणि एवढं सगळं केल्यावर पेस्ट कंट्रोल, आधी नाही. धुराचे डबे, बॉम्ब वगैरे आणू नका, धूर मोकळ्या हवेत राहतो, फटीत शिरत नाही, उलट ढेकूण पांगतात. आवाजाची प्लगवाली यंत्रं पण फुकट, ना ढेकूण जात ना डास.

सटरफटर | ४ मार्च, सकाळी १०:३०

बापरे. पूर्वी बरं होतं, डीडीटी मारला की खल्लास.

टाचण | ४ मार्च, सकाळी १०:५०

तेही फार टिकलं नाही. डीडीटी कीटकांना मारतो हे शोधल्याबद्दल पॉल म्युलरना नोबेल मिळालं १९४८ मध्ये, आणि डीडीटीला दाद न देणारे ढेकूण हवाईतल्या पर्ल हार्बरच्या बराकींमध्ये सापडले १९४७ मध्ये! पदक मिळायच्या आधीच ढेकूण पुढे. आजचे फवारे बहुतेक पायरेथ्रॉइड गटातले, तेही मज्जातंतूंवर त्याच जागी घाव घालतात, त्यामुळे डीडीटी पचवणाऱ्या ढेकणांच्या पुष्कळ वंशजांना हेही पचतात. फवारा जाड करून उपयोग नाही, औषधाचा गट बदलावा लागतो.

अजून एक गंमत. बाल्कन भागात पूर्वी पलंगाभोवती घेवड्याची पानं पसरायचे, सकाळी गोळा करून जाळायचे. पानावरच्या बारीक आकड्यांत ढेकणाचे पाय खरोखरच भोसकले जातात आणि तो अडकतो.

काडेपेटी | ४ मार्च, सकाळी ११:१५

आमच्याकडे आलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्याने पंधरा मिनिटांत बाथरूमच्या जाळीत आणि ओट्याखाली फवारून पावती हातात दिली होती. आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. त्यामुळे आधी विचारा पलंग खोलणार का, दुसरी फेरी कधी, कुठलं औषध. दुसऱ्या फेरीचं नाव न काढणाऱ्याला नारळ द्या.

अर्धीझोप | ९ मार्च, रात्री ९:२०

अपडेट. रविवारी दिवसभर हेच. नवऱ्याने पलंग खोलला, तोंड वाकडं करून, पण खोलला. आणि ऐका, अड्डा कुठे निघाला असेल? त्याच्या बाजूला! त्याच्या उशीखालच्या फळीच्या सांध्यात, काळे ठिपके, कात, अंडी, सगळं साम्राज्य. म्हणजे इतके दिवस रोज आधी त्याला पिऊन मग माझ्याकडे येत होते आणि ह्या माणसाला पत्ता नाही. मी माझीच बाजू तपासत बसले होते. तो पाच मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, "डास पण असतील."

खुर्ची उलटी केली, खालचं काळं कापड टाचणीने थोडं उचकटलं आणि लगेच परत लावलं. बघवलं नाही. मोठ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेपने बांधून ठेवलीय.

पेस्ट कंट्रोलवाली बाई आली होती, नीट होती, दीड तास टॉर्च घेऊन फिरली, स्विचबोर्ड पण उघडून बघितला. चौदा दिवसांनी परत येणार. पायाखाली वाट्या ठेवल्या, स्टीलच्या, त्यात पाणी घातलं, आजी तसंच करायची म्हणून आईने सांगितलं.

शंकेखोर | ९ मार्च, रात्री ९:४१

पाणी नको ताई! वाट्या कोरड्या ठेवा आणि आतून टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवा, घसरतात त्याच्यावर. पाण्याचं का नको ते आठवड्याने कळेल.

अर्धीझोप | १७ मार्च, सकाळी ७:३५

कळलं. पाणी काढायचं राहून गेलं (दोन वाट्यांतलं काढलं, भिंतीकडच्या दोन विसरले) आणि आज वाकून बघितलं तर पाण्यात बारीक वळवळ. ढेकणासाठी वाट्या ठेवल्या आणि त्यात डास पाळले मी!! नवरा एवढा खुश गेल्या महिन्यात कधी नव्हता. "मी म्हणालो होतो डास आहेत."

आजोबा_ऑनलाइन | १७ मार्च, सकाळी ८:०५

हाहाहा. जावईबापूंना माझा नमस्कार सांग.

शंकेखोर | १७ मार्च, सकाळी ८:२०

हसा, पण वाट्या नुसत्या ओतू नका, घासा. एडिस डास, डेंगी पसरवतो तो, पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याच्या कडेला अंडी घालतो, ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला उबदार हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा घासून कोरडं करायचं, कुंड्यांच्या ताटल्या, फ्रीजमागचा ट्रे, सगळंच. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी त्याला अडवत नाही. मला गंमत याची वाटते की ढेकूण दिसला की आपण पलंग जाळायला निघतो आणि कुंडीखालच्या ताटलीकडे ढुंकून बघत नाही, आणि जीव घेणारा तो ताटलीतला आहे.

अर्धीझोप | १९ मार्च, रात्री ११:५०

वहीतले आकडे: पहिला दिवस ७, मग ४, ५, २, ०, ०, १, ०, आणि आज ३. तिन्ही अगदी बारीक, तिळाएवढे पण नाहीत. परत रडू आलं. सगळं करून परत वाढतायत का? काय चुकलं?

काडेपेटी | २० मार्च, सकाळी ६:५०

काही चुकलं नाही. ही अंड्यांतून आलेली नवी पिल्लं. फवारा अंड्यांवर फारसा चालत नाही आणि अंडी साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून तर दुसरी फेरी चौदा दिवसांनी. पिल्लाला मोठं व्हायला पाच वेळा कात टाकावी लागते आणि प्रत्येक कातेआधी एकदा रक्त प्यावंच लागतं, म्हणजे पाच वेळा तरी त्याला तुमच्या वाट्यांवरून आणि औषधावरून जावं लागणार. मोठे व्हायच्या आत, अंडी घालायच्या आत पकडायचेत. एक गाभण मादी उरली तरी परत सगळं सुरू होऊ शकतं, तेव्हा हा मधला पंधरवडा ढिलाई नको. बारीक सापडतायत आणि मोठा एकही नाही, ही चांगली बातमी आहे हो.

चिंगीचा_बाबा | २० मार्च, सकाळी ९:००

चिंगीच्या उवा गेल्या. पाच वेळा विंचरलं. आता मला डोकं खाजतंय.

अर्धीझोप | ४ मे, संध्याकाळी ६:१५

बरेच दिवसांनी येतेय. दुसरी फेरी २३ मार्चला झाली, त्यानंतर वाट्यांत ३ एप्रिलला एक मेलेला सापडला तो शेवटचा. नवीन गांध नाही. पण मला गांध उठली नाही म्हणजे नवऱ्याला चावत नसतील असं आता म्हणता येत नाही, म्हणून दर रविवारी त्याच्याच बाजूचे सांधे बघते. खोळ काढणार नाही, वाट्या पण अजून दोन महिने ठेवणार, कोरड्या! रात्री दोनला अजून आपोआप जाग येते, टॉर्च उशाशीच आहे, ती सवय जायला वेळ लागेल असं दिसतंय. शंकेखोर, काडेपेटी, काका, माऊची आई, सगळ्यांचे खूप खूप आभार.

एकच राहिलं, ती गुंडाळलेली खुर्ची. तिचं काय करू? कोणाला तरी देऊन टाकावी म्हणत होते सासूबाई, चांगलं लाकूड आहे म्हणून.

शंकेखोर | ४ मे, संध्याकाळी ६:४०

कोणालाही नका देऊ, तशीच तर ती तुमच्याकडे आली. प्लास्टिक न उघडता खाली न्या, वरून सुरीने गादीला दोन काप मारा म्हणजे कोणी उचलून घरी नेणार नाही, आणि मोठ्या अक्षरात कागद चिकटवा की ढेकूण आहेत.

अर्धीझोप | ५ मे, सकाळी ८:०२

फेकली. काप मी मारले, कागद चिकटवायचं काम नवऱ्याकडे होतं. ऑफिसला जाताना खाली बघितलं, ठळक मार्करने लिहिलंय: "सावधान, आत डास आहेत."